हिलोला जाताना झाडांचं काय केलं

४१ कुंड्या होत्या. मोजल्या नव्हत्या कधी, पण नवऱ्याला हवाई बेटांवरच्या हिलो गावी युनिव्हर्सिटीत नोकरी लागली आणि कॅलिफोर्नियातलं अर्वाइनचं घर आवरायला काढलं तेव्हा पहिल्याच दिवशी वही घेऊन अंगणात गेले आणि एकेक लिहून काढलं. सामान, लेकीची शाळा, गाडी, हे सगळं कसं जाणार याची काळजी नंतर सुरू झाली, माझा जीव आधी झाडांत अडकलेला. कढीपत्ता, तुळस, मोगरा, दोन जास्वंदी, लिंबू, अळू, गवती चहा, पानओवा, कोरफड, तीन ऑर्किड, शेंड्यापासून लावलेला अननस, होया, जेड, मनीप्लांट तर किती ते विचारू नका. यातला कढीपत्ता आठ वर्षांचा, एका ओळखीच्या गुजराती काकूंनी बोटाएवढं रोप दिलं होतं, ते आता माझ्या डोक्याच्या वर गेलेलं.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, तेही कॅलिफोर्नियातून हवाईतल्याच माऊई बेटावर चाललेत आणि तिच्याकडेही असंच अंगणभर सगळं आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी सामानवाले. त्यांनी फोनवरच सांगितलं की जिवंत झाडं कंटेनरमध्ये घेत नाही, आणि खरं सांगायचं तर घेतली असती तरी मी दिली नसती. कंटेनर लाँग बीचवरून जहाजाने होनोलुलूला, तिथून बार्जवर हिलोला, मध्ये यार्डात पडून राहणार ते वेगळंच. आमचं सामान दारातून दारात यायला महिन्याच्या वर लागला. अंधार, उकाडा, पाणी नाही, त्यात काय जगणार? म्हणजे झाड न्यायचं तर विमानात स्वतःबरोबर, नाहीतर पोस्टाने प्रायॉरिटीने. दोन्हीकडे तपासणी आहेच, पार्सल असेल तर खोक्यावर बाहेरून आत झाडं आहेत असं स्पष्ट लिहायचं आणि आत यादी ठेवायची.

मग मी माझी यादी हवाईच्या कृषी खात्याच्या प्लांट क्वारंटाइनवाल्यांना, म्हणजे बाहेरून येणारी झाडं तपासणाऱ्यांना, पाठवली. हे मात्र प्रत्येकाने कराच, कारण कुठून निघताय आणि कुठलं झाड आहे यावर नियम बदलतात, मी खाली लिहितेय ती माझ्या यादीची गोष्ट आहे. उत्तर व्यवस्थित आलं. पहिली अट, माती नको. म्हणजे अजिबात नको, वाळू नको, अंगणातलं कंपोस्ट नको, मुळं धुऊन उघडी न्यायची किंवा नव्या कोऱ्या मॉस म्हणजे शेवाळ, परलाइट, व्हर्मिक्युलाइट अशा मातीऐवजी वापरायच्या भरावात. दुसरी, कीड नको. आणि तिसरी म्हणजे नाही चालणाऱ्या झाडांची यादी, तिथे मी पेन्सिल घेऊन बसले आणि माझी वही रिकामी होत गेली.

अळू, बंद. अननस आणि त्याची सगळी भावंडं, ब्रोमेलियाड म्हणून नर्सरीत मिळतात ती, परमिटशिवाय बंद. ऑर्किडला परमिट. गवती चहा हे शेवटी गवत, आणि गवतं आणि ऊस एकाच गटात धरतात, तेही बंद. लिंबू नाही. मनीप्लांट मी स्वतःच काटला, कारण तो तिकडे आधीच झाडांवर चढून एवढाल्या पानांचा होऊन बसलाय, अजून कशाला न्यायचा.

आणि कढीपत्ता. कढीपत्ता नाहीच.

याचं कारण मला आधी माहीत नव्हतं. कढीपत्ता आणि लिंबू-संत्री हे एकाच कुळातले, आणि सिट्रस सिलिड नावाचा एक बारीकसा किडा दोन्हींवर राहतो. तो किडा सिट्रसचा ग्रीनिंग रोग पसरवतो, झाड पिवळं पडतं, फळं वाकडी आणि कडू होतात, आणि यावर औषध नाही, झाड मरतंच. कॅलिफोर्नियात हा रोग पहिल्यांदा २०१२ साली लॉस एंजेलिस काउंटीत हासिएंडा हाइट्सला एका घराच्या अंगणात सापडला. तेव्हापासून आमच्या सगळ्या भागात क्वारंटाइन आहे आणि लिंबाच्या कुळातली झाडं, त्यात कढीपत्ताही आला, बाहेर न्यायची नाहीत. हवाई सोडा, शेजारच्या राज्यातसुद्धा नाही. आठ वर्षं मी त्याच्या फांद्या खुडून खुडून लोकांना वाटल्या आणि मला हे ठाऊक नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं.

आमच्या घरात नंतर जे भाडेकरू येणार होते ते नेमके तेलुगू निघाले. घर बघायला आले तेव्हा त्या बाईंनी बेडरूम, किचन भराभर पाहिलं आणि मागच्या दाराशी येऊन थांबल्या, पान खुडलं, चुरडून वास घेतला आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की हे झाड तुमचं, फक्त इथून हलवू नका आणि नव्या पालवीवर नजर ठेवा. बाकीच्या बऱ्याच कुंड्या मंडळातल्या मैत्रिणींकडे गेल्या. लिंबू कढीपत्त्याशेजारीच राहिलं.

एक दिवस मी रागावलेही होते या नियमांवर. वाटलं एवढं काय, दोन कुंड्यांनी काय होणार? मग वाचायला लागले आणि पांगाऱ्यापाशी येऊन थांबले. आमच्या चिपळूणच्या घरी कुंपणाला पांगारे आहेत, उन्हाळ्यात पानं झडून लालभडक फुलतात. त्याचाच हवाईतला भाऊ म्हणजे विलीविली, कोरड्या उतारावरचं तिथलं मूळचं झाड. २००५ साली एक गांधीलमाशीच्या जातीचा, पण डोळ्याला धड दिसणारही नाही एवढा छोटा कीटक तिथे पोचला, पांगाऱ्याच्या पानांत गाठी करणारा, आणि बघता बघता सगळ्या बेटांवर पसरला. लावलेले पांगारे गेले, रानातले विलीविलीही भराभर मेले. शेवटी २००८ मध्ये आफ्रिकेतून त्या किड्याचा शत्रू शोधून आणून सोडावा लागला तेव्हा विलीविली जरा सावरला.

आणि हे एकच नाही. कोकी नावाचा बेडूक पोर्तो रिकोचा, नर्सरीच्या झाडांबरोबर १९८० च्या दशकाच्या शेवटी आला. छोटी आग मुंगी १९९९ मध्ये बिग आयलंडवर, म्हणजे हिलोच्याच बेटावर, पुना भागात सापडली, तीही कुंड्यांतूनच फिरते. कॉफीवरचा तांबेरा २०२० मध्ये माऊईवर मिळाला. मिकोनिया हे तर कोणीतरी सुंदर पानांसाठी १९६१ मध्ये हौसेने आणलेलं झाड, आता ते उपटायला माणसं हेलिकॉप्टरने फिरतात. या बेटांवर मुळात जमिनीवरचा एकही साप नव्हता, बेडूक नव्हता, मुंगी नव्हती, तिथल्या झाडांना अशांशी कधी दोन हात करायची वेळच आली नव्हती. हे कळल्यावर माझा राग गेला तो गेलाच, आणि कोणी मला म्हणतं ना की अगं सुटकेसमध्ये टॉवेलात गुंडाळून ने, कोण बघतंय, तर त्यांना मी आता हे सगळं बसवून सांगते. प्लीज असं करू नका.

तर शेवटी न्यायला उरलं काय? पानओवा, कोरफडीची दोन पिल्लं, होयाचं कटिंग, जेडचं कटिंग, एक जास्वंद जी आधी कटिंगपासून नवीन वाढवलेली, आणि तुळशीचं बी. अख्खी तुळस नेली नाही, मंजिऱ्या वाळवून हातावर चोळून बी काढलं, फुंकून स्वच्छ केलं, कागदाच्या पाकिटात भरलं आणि वर नाव लिहिलं. बी सुद्धा डिक्लेअर करायचं बरं का.

मुळं धुणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. मी दहा दिवस आधी सुरू केलं. कुंडी आडवी करून हलकेच ठोकायची, गड्डा बाहेर आला की बादलीत कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, माती आपोआप सुटायला लागते. मग दुसरी बादली, मग तिसरी. कोरफडीची मुळं जाड, ती पटकन स्वच्छ होतात. जास्वंदीची मात्र केसांसारखी, आणि त्या केसांच्या मध्ये, अगदी खोडाच्या बुडाशी, मातीचा एक हरभऱ्याएवढा गोळा घट्ट बसलेला असतो, तो निघता निघत नाही. जुना मऊ टूथब्रश घेऊन मी तो काढला. त्यातून काय निघालं माहितीये, साबुदाण्यासारखी पांढरी, अर्धपारदर्शक सात-आठ अंडी. गोगलगाईची. मी आठ वर्षं त्या अंगणात हात घातलाय आणि ही अंडी कधी दिसली नव्हती, कारण माती धुऊन बघितलीच नव्हती कधी. त्या दिवसापासून मातीची अट मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

धुतलेली मुळं ओल्या मॉसमध्ये गुंडाळायची, त्यावर प्लॅस्टिक, वर पानं मोकळी. मॉस पिळून घ्यायचा, टपटप पाणी राहिलं तर मुळं कुजतात. पाणी आदल्या दिवशी बंद. मी काउंटीच्या ॲग्रिकल्चर ऑफिसमधून तपासून कागदही घेतला.

होनोलुलूला उतरल्यावर डिक्लरेशन फॉर्म घेऊन तपासणीच्या टेबलापाशी गेलो. एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हातात भिंग. कोरफड उलटीपालटी करून पाहिली, पानओव्याचा वास घेतला, मुळं प्रकाशात धरली आणि ठीक आहे म्हणाल्या. बियांचं पाकीट उघडून पाहिलं. मग जास्वंद. पानं बघितली, मागची बाजू बघितली, आणि मग देठ जिथे खोडाला मिळतो ना त्या बेचक्यात भिंग नेलं आणि तिथेच थांबल्या. मला म्हणाल्या, बघ. कापसाचा कण असावा तसं काहीतरी पांढरं, आणि नीट बघितल्यावर त्याला पाय. पिठ्या ढेकूण. मी ते रोप रोज बघत होते, साबणाच्या पाण्याने दोनदा पुसलं होतं, तरी तो एक बेचक्यात राहिलाच. त्यांनी विचारलं, परत पाठवायचंय का नष्ट करू. मी म्हटलं करा. वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं, पण त्या बाईंनी ज्या हळुवार हाताने ते रोप पिशवीत घालून पिशवी बांधली ते मी विसरणार नाही, त्यांनाही झाडं आवडत असणार. पुढे हिलोला न्यायचंय म्हटल्यावर त्याचंही तिथेच करून दिलं, कारण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातानासुद्धा तपासणी लागते, हे खूप जणांना माहीत नसतं.

एक अजून राहिलं. झाडं नेली नाहीत तरी बागेचं सामान जातंच ना कंटेनरमध्ये. खुरपं, फावडं, झारी, बागेतले बूट, रिकाम्या कुंड्या, बाहेरच्या खुर्च्या, या सगळ्याची माती धुवा, मुलांच्या सायकलच्या चाकांचीसुद्धा. मातीच्या कुंड्या तर मी दिल्याच टाकून, त्यांच्या भोकांत काय लपलंय सांगता येत नाही.

हिलोला पहिल्या रात्री झोप लागली नाही. को-की, को-की, को-की. एक नाही, शेकडो. अंगठ्याएवढा बेडूक, पण जवळून ९० डेसिबलपर्यंत आवाज जातो त्याचा, आणि ओरडतो तो नर. आपल्याकडे पहिल्या पावसात बेडूक ओरडतात आणि चार दिवसांनी शांत होतात, इथे पाऊस बाराही महिने, त्यामुळे हेही बाराही महिने. लेक खिडकीत बसून म्हणाली, आई हे सगळे कुंडीतून आले? हो, कुंडीतूनच.

शेजारी एक फिलिपिनो आंटी राहतात. इथे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आंटीच म्हणतात, ते मला फार आपलं वाटलं. मी आल्या आल्या नर्सरीतून कुंड्या आणायला निघाले तर आंटींनी थांबवलं आणि आधी मुंग्या बघायला शिकवलं. चॉपस्टिकच्या टोकाला पीनट बटरचा पातळ हात द्यायचा, जाड नाही, आणि त्या काड्या कुंडीत, झाडाच्या बेचक्यात, भिंतीच्या कडेला तासभर ठेवायच्या. मग झिप लॉकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी बघायचं. फिकट नारिंगी, जेमतेम दीड मिलिमीटरच्या, हळू चालणाऱ्या दिसल्या तर तीच ती. ही मुंगी झाडावर राहते आणि वाऱ्याने अंगावर पडते, मान, पाठ, सगळीकडे चावते, मांजरांचे डोळे पांढरे पडतात. आंटींच्या बहिणीने पुनामध्ये पपया काढणं सोडलंय तिच्यामुळे. आता नवी कुंडी आणली की ती आधी पंधरा दिवस घरापासून लांब, काँक्रीटवर, आणि काडी लावून बघितल्याशिवाय बागेत नाही. नर्सरीवाले काही ठिकाणी साधारण ४५ अंशाच्या गरम पाण्याचा शॉवर देतात रोपांना, त्याने कोकी आणि त्याची अंडी मरतात, रोप मात्र जगतं. असं केलेलं रोप मिळालं तर दोन डॉलर जास्त द्या.

आता जी गोष्ट सांगायला मी हे लिहायला बसले ती. मी अर्वाइनला रडत रडत जी झाडं सोडून आले, ती इथे माझ्या आधीच येऊन राहिलेली आहेत. खरंच. मोगरा इथे पिकाके, म्हणजे मोर, राजकन्या काइउलानीला मोरही आवडायचे आणि मोगराही म्हणून लोकांनी फुलाला मोराचं नाव दिलं. लग्नात नवरीच्या गळ्यात पदरावर पदर मोगऱ्याच्या माळा. समुद्राकाठी उंडी आहे, तिला कामानी म्हणतात. पारोसा भेंडी आहे, तिचं नाव मिलो. बारतोंडी म्हणजे नोनी. जाम आहे. हळद आहे, ओलेना. शेवगा तर फिलिपिनो घरांत दारोदारी, आंटी पानांची आमटी करतात. मी पहिल्यांदा किनाऱ्यावर उंडीची गोल फळं पडलेली पाहिली तेव्हा तिथेच खाली बसले, लहानपणी आम्ही गोट्यांसारखी खेळायचो त्यांनी.

यातली बरीचशी पॉलिनेशियन लोकांनी, म्हणजे दक्षिणेकडच्या बेटांवरून आलेल्या इथल्या मूळ लोकांनी, होड्यांतून आणली, इसवी सन १००० ते १२०० च्या सुमारास, हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून. नारळ, केळ, ऊस, हळद, नीरफणस, अळू, अशी सुमारे २४ झाडं. मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून वर टांगून, असं सांगतात. मी होयाचं कटिंग मॉसमध्ये गुंडाळत होते तेव्हा हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं. आणि अळू म्हणजे कालो, तो तर इथल्या लोकांचा थोरला भाऊ. हालोआ नावाचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवला, आणि नंतर जो धाकटा झाला त्याच्यापासून माणसं. बाहेरचा अळू इथे येऊ देत नाहीत. घरातल्या थोरल्याला रोग लागू नये यासाठी कोणी एवढी काळजी घेत असेल तर मी माझी एक कुंडी सोडली त्यात काय.

पण इथेही सगळंच लावू नये. सोनटक्का मला जीव की प्राण, आजीच्या वेणीत असायचा, इथे तो रानात एवढा माजलाय की ओहिया लेहुआ या इथल्या मूळच्या झाडांच्या जंगलात खाली दुसरं काही उगवू देत नाही. म्हणून मी तो लावणार नाही, रस्त्याकडेचा तोडून घरी आणते आणि देवापुढे ठेवते. ओहियालाही २०१४ पासून एका बुरशीने ग्रासलंय, जंगलात जाताना आणि येताना बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, तिथे वाटेवर ब्रश ठेवलेलेच असतात.

तुळस उगवली. पण हिलोत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, उघड्यावर पहिली रोपं चार दिवसांत कुजली, आता लनाईत, म्हणजे इथल्या पडवीत, पत्र्याखाली आहे आणि खाली लाव्ह्याची खडी घातलीये, पाणी थांबत नाही. पानओवा चांगला झालाय. होया अजून रुसलेला आहे. कढीपत्ता आंटींच्या ओळखीत एकांकडे निघाला, मोठं झाड आहे, ते दर रविवारी चार डहाळ्या देतात. रोप मात्र मी मागितलं नाही, कारण तो सिलिड २००६ पासून इथेही आहे.

आई मध्ये म्हणाली होती, मी येताना तुळस घेऊन येते गं, चिपळूणची माती पण थोडी. मी म्हटलं आई माती नको, अजिबात नको, तू फक्त ये.

ऑगस्टमध्ये आंटींनी मला अळूची हुली दिली. कंदाचा वरचा काप आणि वर वीतभर देठ, पानं छाटलेली, त्याला हुली म्हणतात. पागोळी पडते तिथे, काळ्या खडीत खड्डा करून लावली. तीन आठवडे नुसता दांडा उभा. मग एका सकाळी मधून गुंडाळी वर आली, दुपारपर्यंत अर्धी उलगडली. मी आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवली.

"अगो, हा तर आपल्या न्हाणीमागचा अळू," आई म्हणाली. मग चष्मा लावून जवळ आली. "देठ दाखव बघू. काळा आहे ना? वडीला काळ्याच देठाचा लागतो हो."

मी फोन खाली नेला, पान बाजूला केलं आणि देठ दाखवला.